पलीकडची ओळ

"टाचा फळीला लाव. हनुवटी वर. हलायचं नाही," खेळबाई म्हणाली. खरं तर हे सांगायची काही गरज नव्हती. उंची मोजायची फळी तिने भिंतीला टेकवली न टेकवली तोच टिल्लू कोपऱ्यातून उठून आला, फळीला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि श्वाससुद्धा रोखून धरला. गटारापलीकडच्या घरांच्या ओळीत सत्तावीस मुलं होती, पण इतक्या शहाण्यासारखं मोजून घेणारं दुसरं एकही नव्हतं. बाकीची पळायची, भोकाड पसरायची. एकाने तर मागच्या खेपेला तिच्या मनगटाला चावा घेतला होता. टिल्लू आपला उभा. तिने सरकती पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली, आकडा वाचला, खात्रीसाठी पुन्हा वाचला आणि वहीत लिहिला.

"झालं. जा आता," ती म्हणाली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

टिल्लू तिचा नातू होता, तिच्या एकुलत्या एका मुलीचा मुलगा. त्याला नुकतीच चार वर्षं पूर्ण झाली होती आणि आजची ही शेवटची मोजणी होती.

वजन झाल्यावर तिने दहा लाल ठोकळ्यांचा डबा उघडला. पलीकडच्या ओळीत हा डबा सहा महिन्यांतून एकदा उघडायचा, तोही परीक्षेपुरता. तिने तीन ठोकळे एकावर एक रचून दाखवले, मोडले आणि म्हणाली, "आता तू कर." छापील कागदाप्रमाणे एवढंच बोलायची मुभा होती. शाबास म्हणायचं नाही, असं नाही असं कर म्हणायचं नाही, मान हलवायची नाही. टिल्लूने एकेक ठोकळा उचलला, आपल्या सदऱ्याला नीट पुसला आणि जमिनीवर मांडायला घेतला. आधी तीन, त्यांना चिकटून तीन, त्यांना चिकटून आणखी तीन. बोटाने कडा सारख्या केल्या. दहावा उरला तो हातात धरून त्याला जागा शोधत बसला.

तो काय करतोय ते खेळबाईला लगेच कळलं. तिची मुलगी बाटल्या धुण्याच्या शेडवर कामाला होती, आणि धुतलेल्या बाटल्या क्रेटमध्ये अशाच भरतात. टिल्लूची पहिली दोन वर्षं तिथल्याच एका रिकाम्या क्रेटमध्ये गेली होती. खाली पोतं, अंगावर आईची जुनी ओढणी, आणि चारी बाजूंनी पाण्याचा आणि काचेचा आवाज. त्या आवाजात माणसाचा शब्द कानावर पडत नाही, बायका एकमेकींशी हातवारे करूनच बोलतात. पोराने जे शिकायचं ते डोळ्यांनी शिकून घेतलं होतं, आणि चोख शिकलं होतं. पण त्यासाठी कागदावर रकाना नव्हता. ठोकळे एकावर एक किती रचले, एवढाच रकाना होता, आणि तिथे तिने शून्य लिहिलं.

मुलगी दारातच कपडे पिळत होती. पाण्यात राहून राहून तिच्या बोटांची सालं निघाली होती. कागदावर काय लिहिलं हे तिने विचारलं नाही. विचारून आई सांगणार नाही हे तिला चार वर्षांत पाठ झालं होतं. तिने दुसरंच विचारलं.

"आई, ते तुझं खेळाचं आता तरी येणार का इकडे?"

"अहवाल आला की येणार. ऑफिसच्या मॅडमनी सांगितलंय."

"मागच्या वर्षी पण हेच म्हणालीस." मुलीने हातातला सदरा झटकला. "परवा त्याला शाळेत घेऊन गेले होते. बाई म्हणाल्या, बोलायला लागू दे, मग आणा. आता मी काय करायचं?"

खेळबाईने ठोकळे डब्यात भरले. टिल्लू ते जाताना बघत होता, पण रडला नाही, मागितलेही नाहीत. जी वस्तू येते ती जाते, हे त्याला बहुतेक कळून चुकलं होतं. मुलीला तिने सांगितलं, थोडा धीर धर, शाळेला अजून अवकाश आहे, त्याच्या आत आपली पाळी आली तर मीच रोज येऊन बसेन त्याच्यापाशी, वर्षभरात पोपटासारखा बोलायला लागेल. हे ती नुसतं मुलीला बरं वाटावं म्हणून म्हणत नव्हती. तिचा स्वतःचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. आज चौथं सरलं, पाचवं सरायच्या आत खेळण्यांची पिशवी गटार ओलांडून आली तर पोराचं काही तरी होईल. नाही आली तर तो शेडवरच जाईल, आणि शेडवर गेलेलं कोणी परत आल्याचं तिच्या पाहण्यात नव्हतं.

वस्ती म्हणजे घरांच्या दोन ओळी आणि मधून जाणारं उघडं गटार. गटारावर तीन ठिकाणी फळ्या टाकलेल्या होत्या. अलीकडच्या ओळीतली मुलं तिला खेळबाई म्हणायची, कारण ती खेळण्यांची पिशवी घेऊन यायची. पलीकडच्या ओळीतली मोजबाई म्हणायची, कारण तिथे ती फक्त मोजायचं सामान घेऊन जायची. एकच बाई, तेच पाय, तीच चप्पल. फळी ओलांडली की नाव बदलायचं.

हे काम तिच्याकडे आलं ते तिच्या सरळपणामुळे. त्याआधी ती वस्तीच्या नळावर रांग सांभाळायची. त्याचं तिला कोणी काही देत नव्हतं, पण ती नसली की हाणामारी व्हायची, म्हणून लोकांनीच तिला तिथे उभं केलं होतं. ती कोणाची भीड ठेवायची नाही. एकदा तिची स्वतःची मुलगी, पाच महिन्यांची पोटुशी, हंडा घेऊन मध्ये शिरायला बघत होती, तर हिने तिला सगळ्यांदेखत शेवटी पाठवलं. बायकांना वाईट वाटलं, पण त्या दिवसापासून रांगेत कोणी तोंड उघडलं नाही. मुलगी मात्र आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हती.

मग वस्तीत ऑफिसची माणसं आली. त्यांच्यातल्या तरुण मॅडमनी दोन्ही ओळींना एकत्र बसवून सगळं समजावलं होतं. लहान मुलाशी जन्मल्यापासून बोललं, खेळलं, त्याच्या हातात चार वस्तू दिल्या, तर त्याची बुद्धी वाढते. आणि गरिबाघरी पोट भरण्याच्या धावपळीत नेमकं हेच राहून जातं. हे खरं आहे हे दाखवून द्यायचं तर एका ओळीत खेळ शिकवायचे, दुसरीत नुसतं मोजायचं, आणि चार वर्षांनी दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. कोणती ओळ ते चिठ्ठी टाकून ठरणार होतं. चिठ्ठी कोणी उचलायची यावर मात्र वाद झाला नाही. दोन्ही ओळींनी एकाच आवाजात नळावरच्या बाईचं नाव घेतलं.

तिने स्टीलच्या पेल्यात हात घातला आणि चिठ्ठी काढली. अलीकडची ओळ. मुलगी तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि पलीकडच्या ओळीत तिसऱ्या घरात राहत होती. खेळबाईने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, मग सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मॅडमनीच तर सांगितलं होतं, इथे एकदा सिद्ध झालं की पलीकडच्यांची पाळी. रांगेत पाळी येते यावर तिचा सगळ्या आयुष्याचा विश्वास होता.

ऑफिसने या कामाला तिलाच घेतलं. पंधरा दिवसांचं शिक्षण झालं आणि शेवटच्या दिवशी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "मावशी, एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळा. पलीकडच्या एकाही मुलाला यातलं काही शिकवायचं नाही. एकाला जरी शिकवलंत, तर सगळी मोजणी बिघडली. मग कुणालाच काही मिळणार नाही, अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही." मॅडम हे सगळ्यांनाच सांगत असत. खेळबाईने मात्र ते गाठीला बांधलं.

आणि मग ती शिकवत सुटली. अलीकडच्या ओळीत तेवीस घरं होती आणि प्रत्येक घरी आठवड्यातून एक तास. तिने दमलेल्या, वैतागलेल्या आयांना तान्ह्या मुलाशी बोलायला शिकवलं. सुरुवातीला त्या हसायच्या. त्याला काय कळतंय, म्हणायच्या. ती म्हणायची, तुला तरी पहिल्या दिवशी काय कळत होतं, कोणी तरी बोललंच ना तुझ्याशी. मुलाने 'अं' केलं की तुम्ही 'अं' करा. भांडं घासताना भांड्याचं नाव घ्या. तो वस्तू पाडेल, पाडू दे, उचलून परत द्या. बाटलीत खडे घालून खुळखुळा करा. त्या खुळखुळ्यांसाठी लागणाऱ्या प्लास्टिकच्या लहान बाटल्या तिने आपल्या मुलीकडूनच मागवल्या. शेडवर त्या टाकाऊ म्हणून ढिगाने पडलेल्या असत. मुलीने पिशवी भरून आणून दिल्या आणि विचारलं, कशाला? खेळबाईने सांगितलं, कामासाठी.

मुलीला डोळे होतेच. गटार काही नदी नव्हे, चार पावलांवरचं सगळं दिसतं. आठ महिन्यांच्या टिल्लूसाठी तिने तसाच एक खुळखुळा करून घरी आणलेल्या क्रेटमध्ये ठेवला. रविवारी आई आली, तिने तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. कोणी सांगितलं तुला हे करायला, असं तिने विचारलं. कोणी कशाला सांगायला हवं, दिसतंय की, असं मुलगी म्हणाली. खेळबाईने तो खुळखुळा बाळाच्या हातातून काढून घेतला, वरच्या फळीवर डब्यामागे ठेवला आणि म्हणाली, थोडे दिवस, मग त्याला याच्याहून चांगले मिळतील. टिल्लू रडला. ती तशीच बसून राहिली. मुलीने त्याला उचललं आणि पाठ फिरवून अंगावर पाजायला घेतलं. त्या दिवशी तिने आईला पाणीसुद्धा विचारलं नाही.

एकदाच चूक झाली. टिल्लू तेरा महिन्यांचा होता. खेळबाई तोंड धुऊन टॉवेलाने पुसत होती आणि तो क्रेटची कड धरून उभा राहून तिच्याकडे बघत होता. तिला कळायच्या आत तिने टॉवेल चेहऱ्यावर धरला, खाली ओढला आणि म्हणाली, "भॉक." टिल्लू खदखदून हसला. इतका हसला की कड सुटून बदकन खाली बसला आणि तरी हसतच राहिला. तिने परत केलं. तो परत हसला आणि 'भ' असं काही तरी म्हणाला. तिसऱ्यांदा टॉवेल चेहऱ्यासमोर असतानाच तिला मॅडमचे शब्द आठवले. टॉवेल तिने खांद्यावर टाकला आणि कामाचं निमित्त करून उठली. पुढचे दोन रविवार ती मुलीकडे गेलीच नाही. स्वतःवर विश्वास उरला नव्हता.

गप्प राहणं तिच्याने होईना. महिन्याच्या कागदावर सगळ्यात खाली शेऱ्याचा रकाना होता. त्यात तिने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: पलीकडच्या ओळीतल्या एका मुलाशी चुकून खेळले. तो माझा नातू आहे. पुन्हा होणार नाही. मग महिनाभर जीव मुठीत धरून बोलावण्याची वाट पाहिली. बोलावणं आलं नाही. मॅडमनी मोठ्या मनाने माफ केलं, असं तिने धरलं आणि त्यानंतर पुन्हा खरंच तसं काही होऊ दिलं नाही. रविवारी जायची, दाराशी बसायची, हात मांडीत. मुलीशी बोलायची, तेही बेताने. नातू मध्येच जवळ येऊन गुडघ्याला धरायचा, तर त्याला उचलून त्याच्या आईकडे द्यायची. हळूहळू त्याने येणं सोडलं. सहा महिन्यांनी ती फळी घेऊन आली की तेवढा तो उठून यायचा, कारण त्या वेळी ती त्याच्या डोक्याला हात लावायची, हनुवटी धरून वर करायची, त्याच्या डोळ्यांत बघायची.

समोरच अलीकडच्या ओळीत, शर्टाची बटणं पुठ्ठ्यावर शिवून देणाऱ्या बाईच्या घरी, टिल्लूहून नऊ दिवसांनी मोठी एक मुलगी होती. तिला सगळे शहाणी म्हणायचे. शहाणी दहा महिन्यांची असताना टाळ्या वाजवायला लागली, दीड वर्षाची असताना बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायला लागली, आणि तोंड उघडलं ते बंद झालंच नाही. ती खेळबाईला हैराण करायची. तुझे केस पांढरे का, गटाराला वास का येतो, पलीकडे तू पिशवी का नेत नाहीस. हा शेवटचा प्रश्न तिने तीन वर्षांची असताना विचारला होता. खेळबाई म्हणाली, त्यांची पाळी अजून यायची आहे. शहाणी म्हणाली, मग माझी घे ना थोडी. तिच्या आईला हसू आलं. खेळबाईने तोंड फिरवलं आणि पिशवीत काही तरी शोधल्यासारखं केलं.

शहाणीला येणारे शब्द मोजताना तिने तीनशेच्या पुढे नाद सोडून दिला होता. टिल्लूचे आठ होते. तिने ते दर खेपेला प्रामाणिकपणे मोजले होते. त्यातला एकही शब्द आजी नव्हता.

अहवाल यायला तीन महिने लागले. त्या दिवशी खेळबाई ऑफिसात गेली तेव्हा तिथे बांधाबांध चालली होती. भिंतीवरचे तक्ते उतरवलेले, कपाटं सताड उघडी, खुर्च्या एकात एक घातलेल्या. मॅडमनी तिला एका खोक्यावर बसवलं आणि तिच्या हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक ठेवलं. वर शहाणीचा फोटो होता, ठोकळ्यांचा मनोरा आणि त्यामागे तिचे दोन चमकते डोळे. मॅडमचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. त्या म्हणाल्या, मावशी, चार वस्त्यांत तुमची मोजणी सगळ्यात स्वच्छ निघाली, कुठे म्हणून बोट दाखवायला जागा नाही. खेळबाईला भरून आलं. चार वर्षांचं चीज झालं असं तिला खरोखर वाटलं, आणि ते सुख तिने क्षणभर अगदी मनापासून भोगलं.

मॅडमनी पान उलटलं. त्यावर दोन रेघा होत्या. एकाच ठिकाणाहून निघालेल्या. एक चढत गेलेली, दुसरी खालून सरपटत आलेली. मॅडमनी दोघींच्या मधल्या जागेवर पेन्सिल फिरवली. "हे अंतर बघा. एवढं अंतर फार कमी ठिकाणी दिसतं."

खेळबाई खालच्या रेघेकडे बघत होती. ती रेघ तिने स्वतः भरली होती, एकेक शून्य करत.

"मग आता पलीकडे कधी सुरू करायचं?" तिने विचारलं.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं, अगदी समजुतीने सांगितलं. त्यांचं काम सिद्ध करून दाखवण्याचं होतं, ते झालं. आता हा अहवाल वर जाईल, तिथे लोक बघतील, ठरवतील. दोन वर्षं लागतील, चारही लागतील, कदाचित दुसऱ्याच एखाद्या देशात आधी सुरू होईल. त्यांची स्वतःची पुढच्या आठवड्यात दुसरीकडे बदली होती. खेळण्यांची पिशवी मात्र परत द्यावी लागेल, ती ऑफिसच्या यादीत आहे.

"तुम्ही म्हणाला होतात, सिद्ध झालं की पलीकडच्यांची पाळी."

"तेव्हा आम्हालाही तसंच वाटत होतं, मावशी."

खेळबाईने पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. पट्ट्याला तिच्या घामाचा डाग पडला होता. मॅडमपुढे मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती, तरी ती बोलली. "माझा नातू पलीकडे आहे. सव्वाचार वर्षांचा झालाय. बोलत नाही."

"तुमचा नातू?" मॅडमच्या भुवया वर गेल्या. "अहो, हे कधी बोलला नाहीत."

"लिहिलं होतं. शेऱ्यात. तुम्ही काही म्हणाला नाहीत."

"शेऱ्याचा रकाना नुसता असतो हो, मावशी. तेवढं वाचायला वेळ कुणाला होता." मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं आणि तिला बरं वाटावं म्हणूनच त्या पुढचं बोलल्या. "आजी आपल्या नातवाशी खेळली असती तर कोण काय म्हणणार होतं? एक नाव यादीतून काढलं असतं आम्ही. तीनशे मुलांत एकाने काय होतंय."

बाहेर कोणी तरी टेम्पोत कपाट चढवत होतं आणि हळू, हळू, असं ओरडत होतं. तिला कोणाचा रागही येईना. राग यायला समोर माणूस लागतो, आणि चार वर्षं त्या पोरापासून हात आखडून बसलेलं माणूस तर खोक्यावर तिच्याच अंगात बसलेलं होतं.

"आता खेळलं तर चालेल?" शेवटी तिने विचारलं.

"आता काय," मॅडम म्हणाल्या, "आता खुशाल खेळा."

तिने पिशवी टेबलावर ठेवली, लाल ठोकळ्यांचा डबा वर, आणि सही केली.

ऑफिसातून ती घरी गेली नाही. सरळ वस्तीत आली, अलीकडच्या ओळीतून चालत गेली. शहाणी शाळेच्या नव्या कपड्यांत दारात उभी होती आणि पिशवी कुठे, पिशवी कुठे, म्हणून मागे लागली. तिला उत्तर न देता खेळबाईने गटारावरची फळी ओलांडली.

मुलगी नुकतीच शेडवरून आली होती. टिल्लू जमिनीवर बसला होता आणि त्याच्यापुढे बुचांचा ढीग होता. तो मोठी बुचं एका डब्यात टाकत होता, लहान दुसऱ्या. मुलीने आईच्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं आणि ती समजली. तिने ना आदळआपट केली ना टोमणा मारला; टोमणा मारला असता तर खेळबाईला परवडलं असतं. ती म्हणाली, मुकादमाने बुचं घरी दिली आहेत, पोरगं चटकन करतं, चुकत नाही, म्हणून खूश आहे. पुढच्या महिन्यापासून तो शेडवरच बसेल माझ्याजवळ. घरी एकटं ठेवण्यापेक्षा बरं.

खेळबाई आत आली. वरच्या फळीवर डब्यामागे हात घालून तिने तो खुळखुळा काढला. त्याच्यावर बोटभर धूळ बसली होती. ती टिल्लूसमोर मांडी घालून बसली, त्याला वाजवून दाखवला आणि त्याच्या हातात दिला. टिल्लूने तो घेतला, सदऱ्याला पुसला, बूच फिरवून काढलं, खडे जमिनीवर ओतले आणि बूच लहान बुचांच्या डब्यात टाकलं. रिकामी बाटली त्याने भिंतीकडेला उभी करून ठेवली.

मुलीने बघितलं आणि ती चुलीकडे वळली.

दोरीवर टॉवेल वाळत होता. खेळबाईने तो ओढला आणि चेहऱ्यावर धरला. आत जुन्या साबणाचा वास होता. ती जरा वेळ तशीच राहिली, कारण डोळे पुसून घ्यायचे होते. मग टॉवेल खाली ओढून ती म्हणाली, "भॉक."

टिल्लू दचकला. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, दाराशी फळी कुठे दिसते का तेही पाहिलं. मग हातातलं बूच खाली ठेवून तो उठला. भिंतीपाशी गेला, पाठ टेकवली, टाचा जुळवून मागे सरकवल्या, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले. हनुवटी वर केली आणि श्वास रोखून समोर बघत उभा राहिला.

"नाही रे बाळा. आज मोजायचं नाही," ती म्हणाली. "ये, माझ्याजवळ ये."

तो हलला नाही. तिने हात पुढे केले, तरी हलला नाही. श्वास कोंडून त्याचा चेहरा लाल व्हायला लागला होता आणि डोळे तिच्यावर होते, ती ते शब्द कधी म्हणते याची वाट बघत.

खेळबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि होता होईल तितका वेळ तो तिथेच राहू दिला.

"झालं," ती म्हणाली. "जा आता."

त्याने श्वास सोडला आणि बुचांकडे परत गेला.